झाडू मुलांकडे, किल्ल्या ऑफिसात

हायस्कुलात विद्यार्थ्यांचे मंडळ असावे याला आता उघड विरोध कोणी करत नाही. जूनमध्ये शाळा भरते, जुलैत मंत्रिमंडळ ठरते. मुख्यमंत्री, शिस्तमंत्री, आरोग्यमंत्री, सांस्कृतिक मंत्री असे बिल्ले लागतात, शपथविधी होतो, संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते गुलाबपुष्प मिळते आणि दोन दिवसांनी स्थानिक दैनिकात फोटो येतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर. स्टाफरूममध्ये, पालकसभेत, संस्थेच्या बैठकीत एक मत हटकून ऐकू येते : मंडळ हवे, पण ते सेवाभावी हवे. मुलांनी झाडे लावावीत, वर्ग झाडावेत, पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करावे, जवानांना राख्या पाठवाव्यात. कारभारात मात्र नाक खुपसू नये. थोडक्यात, सेवा हवी, सत्ता नको.

हे मत धरणारी माणसे वाईट नाहीत. त्यांतले बरेचसे जीव ओतून शिकवणारे शिक्षक आहेत. त्यामुळे पूर्वपक्ष अर्धवट मांडून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. त्यांचे म्हणणे असे. चौदा-पंधरा वर्षांचे मूल अजून घडते आहे, त्याला आधी द्यायला शिकवावे. मागायला ते आपोआप शिकेल. दुसरे, सत्ता आली की गट पडतात, गटामागे जात येते, जातीमागे गावातला पुढारी येतो. सेवेत असे भांडण नाही. तिसरे, शिक्षकाला वेळ नाही. वर्ग शिकवायचे की मुलांची विधानसभा चालवायची? आणि चौथे, शाळेची जबाबदारी मुख्याध्यापकावर आहे. मुलांनी घेतलेल्या निर्णयाचा खुलासा शिक्षणाधिकाऱ्यांपुढे मुले करणार नाहीत, मुख्याध्यापकांनाच करावा लागेल.

यातला चौथा मुद्दा खरा आहे आणि तिसरा निम्मा खरा. पहिले दोन मात्र तपासून पाहिले की टिकत नाहीत, आणि सगळी इमारत उभी आहे ती त्या दोनांवरच.

माझे म्हणणे सरळ आहे. सेवा आणि कारभार असे दोन कप्पे करताच येत नाहीत. ज्या सेवेत काय करायचे, कोणी करायचे आणि कशाने करायचे हे ठरवण्याचा अधिकार करणाऱ्याला नसतो, तिला आपल्याकडे बिगार म्हणत आले आहेत. मंडळाच्या प्रभारी शिक्षकाने मुलांकडून सेवा करून घेतली तर त्याचे निम्मेच काम झाले. त्या सेवेतून निघालेले प्रश्न कार्यालयाच्या टेबलापर्यंत पोचवणे आणि त्यांचे उत्तर मुलांपर्यंत परत आणणे, हे उरलेले निम्मे.

तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलातली गोष्ट. स्वच्छता पंधरवड्यात नववीच्या मुलींनी मुलींचे स्वच्छतागृह धुऊन काढले. खराटा, फिनेल, दोन बादल्या, आणि फोटो काढायला एक सर. धुता धुता त्यांनी जे पाहिले ते शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होते, फक्त बोलायची जागा कोणाला नव्हती : तीन दारांपैकी दोन दारांना आतून कडीच नाही. एकीने बाहेरून दार ओढून धरायचे, तेव्हा दुसरीने आत जायचे. ज्यांना सोबत मिळत नाही त्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. आरोग्यमंत्री असलेल्या मुलीने वहीचे पान फाडून अर्ज लिहिला, ‘दोन कड्या व आत एक मग मिळावा ही विनंती.’ प्रभारी बाईंनी तो वर नेला. वरून निरोप आला, “यांना स्वच्छता करायला सांगितली होती, तपासणी करायला नाही.”

या एका निरोपात ‘सेवा हवी, सत्ता नको’चे सगळे तत्त्वज्ञान आले. आता पहिला मुद्दा घ्या, आधी द्यायला शिकवावे, मागणे नंतर. त्या मुलींनी काय मागितले? स्वतःसाठी काही नाही. जे काम त्यांच्याकडे सोपवले होते ते पुरे होण्यासाठी जे लागते तेवढेच मागितले. काम मनापासून करणारा माणूस कामातली उणीव पाहतो. न पाहणारा फक्त हजेरी लावतो. मुलांनी सेवा करावी पण सेवेत दिसलेले बोलू नये, असे सांगणारी शाळा सेवाभाव शिकवत नाही. डोळे मिटून खराटा कसा फिरवायचा ते शिकवते.

महाराष्ट्राला हे कोणी नव्याने सांगायला नको. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात प्रश्न असत : कर्ज काढून लग्नाचे जेवण का घालता, देवापुढे बकरे का कापता, माणसाला शिवत का नाही, पोराला शाळेत का घालत नाही? झाडणारा आणि विचारणारा माणूस एकच होता, म्हणून गाव त्याचे ऐकून घेत असे. सेनापती बापटांचेही तेच. पारनेरचे रस्ते झाडणारे बापट आणि १९२१ पासून मुळशीच्या धरणाविरुद्ध उभे राहिलेले बापट ही दोन वेगळी माणसे नव्हती. २००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि शाळाशाळांतून बाबांची तसबीर लागली. तसबिरीपुढचा खराटा आम्ही घेतला आणि कीर्तन सोयीस्करपणे बाहेर ठेवले.

आता दुसरा मुद्दा : सत्तेत भांडण, सेवेत सलोखा. हे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या शाळेत वर्ग कोण झाडते ते नुसते पाहावे. ‘मुलींनो, पाच मिनिटे लवकर या’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. मुली झाडतात, मुलगे बाक उचलतात, हुशार मुले फळ्यावर सुविचार लिहितात. पाहुणे आले की रांगोळी मुलींची, पाणी द्यायला मुली, सूत्रसंचालनाला मात्र डॉक्टरांचा किंवा सरांचा मुलगा. आणि गटार तुंबले, स्वच्छतागृह धुवायचे ठरले की शिक्षकाची नजर वर्गात कुठल्या बाकांकडे जाते, हे लिहायला लाज वाटते. पण ती जाते. दलित मुलांना स्वच्छतागृहे धुवायला लावल्याच्या बातम्या या देशात अधूनमधून येतच असतात. सेवेत भांडण दिसत नाही, कारण वाटणी कधीच झालेली असते, आणि ज्यांच्या वाट्याला ती येते त्यांना तोंड नसते.

संविधानाचे २३ वे कलम इथे फार उपयोगी आहे. पहिल्या भागात ते बिगारीला बंदी घालते. दुसऱ्या भागात राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा देते. पण लगेच अट घालते की ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव करायचा नाही. घटनाकारांना सेवेचे वावडे नव्हते. सेवेची वाटणी कशी होते हे ते जन्मभर पाहत आले होते, म्हणून त्यांनी सेवा आणि वाटणीचा नियम एकाच कलमात बसवले. (त्या यादीत स्त्री-पुरुष भेद आलेला नाही. शाळेने आपल्या यादीत तो जरूर घालावा.) शाळेत हा वाटणीचा नियम कोण करणार? वेळापत्रकासारखा कागदावर, सर्वांना दिसेल असा पाळीचा तक्ता कोणी लावायचा? हा तक्ता करणे म्हणजेच शासन. सातवीपासून दहावीपर्यंत प्रत्येकाचे नाव, हजेरी क्रमांकाने, कोणाला सूट नाही, दहावीच्या ‘स्कॉलर बॅच’लासुद्धा नाही, असा तक्ता ज्या मंडळाने एकदा केला आणि पालकांच्या तक्रारी येऊनही टिकवला, त्या मंडळाला नागरिकशास्त्राचे निम्मे पुस्तक वेगळे शिकवावे लागत नाही.

डॉ. आंबेडकर कोलंबियात जॉन ड्यूईंचे विद्यार्थी होते, आणि लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांनी पुढे आपल्या लिखाणात मांडलेला विचार ड्यूईंशी जुळतो. मला वाटते, त्या रीतीची खरी परीक्षा मतपेटीपेक्षा खराट्याच्या पाळीत लवकर होते.

निवडणुकीची भीती मात्र टाळून पुढे जाता येणार नाही, कारण ती पोकळ नाही. कॉलेजच्या निवडणुकांत महाराष्ट्राने मारामाऱ्या पाहिल्या. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खूनही झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. त्या धक्क्याची सावली हायस्कुलांवरही पडली. मुख्यमंत्री कोण? ज्याला वार्षिक परीक्षेत सर्वाधिक गुण तो. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. लिंगडोह समितीने २००६ साली देशभरच्या कॉलेज निवडणुकांचा विचार केला, तेव्हा निवडणुका बंद करा असे तिने म्हटले नाही. उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा घाला, हजेरीची अट घाला, पक्षांना दूर ठेवा, असे म्हटले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही निवडणूक परत आणली. ती प्रत्यक्षात पुढे ढकलली जात राहिली, हा भाग वेगळा. ज्यांनी रोगी जवळून पाहिला त्यांनी औषध सुचवले. रोगी दुरून पाहणारे अजून पाय कापायला सांगतात.

आणि गुणांवर नेमणूक केली म्हणजे राजकारण गेले, हाही भ्रमच. गेले ते फक्त मागच्या बाकावरच्यांचे मत. पहिल्या बाकावरच्याला कोणाकडे मत मागायला जावे लागत नाही, म्हणून नळाला पाणी येत नाही हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्या बाटलीत घरचे पाणी असते.

अमेरिकेतले एक उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. १९८३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेथेल हायस्कुलात मॅथ्यू फ्रेझर नावाच्या विद्यार्थ्याने, मंडळाच्या निवडणुकीत मित्राचे नाव सुचवताना, शेकडो मुलांसमोर द्वयर्थी भाषण ठोकले. शाळेने त्याला निलंबित केले. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ साली न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे असे भाषण झाले असते तर? पुढच्या वर्षीपासून निवडणूक बंद आणि नेमणूक सुरू. त्या निकालाने भाषणाला मर्यादा घातली, निवडणुकीला नाही. वाह्यात भाषण करणाऱ्या एका मुलाला शिक्षा करणे आणि उरलेल्या शेकडो मुलांचे मत काढून घेणे, यातला फरक ज्या शिक्षकाला कळतो त्यानेच हे प्रभारीपद घ्यावे.

पण मत हा तरी गाभा आहे का? मला वाटत नाही. गाभा आहे पैसा. आपल्या शालेय मंत्रिमंडळांत अर्थमंत्री असतो आणि त्याच्याकडे अर्थ सोडून सगळे असते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षणसंहितेत विद्यार्थी मंडळाच्या निधीबद्दल एक साधे कलम आहे. त्या निधीतला पैसा खर्च करायचा तर प्रत्येक वेळी, खर्चाच्या आधी, तिघांची मंजुरी लागते : शाळा चालवणाऱ्या जिल्हा मंडळाने नेमलेला कर्मचारी किंवा अधिकारी, विद्यार्थी मंडळाचा सल्लागार म्हणून नेमलेला शिक्षक, आणि विद्यार्थी मंडळाचा प्रतिनिधी. तिघांपैकी एकाने नाही म्हटले की पैसा जागचा हलत नाही.

या कलमापुढे जरा थांबले पाहिजे, कारण चौथ्या मुद्द्याचे उत्तर त्यात आहे. मुख्याध्यापकांची जबाबदारी कमी होत नाही. मोठ्या माणसांच्या दोन मंजुऱ्या कायम आहेत. मुलांवर आंधळा विश्वास टाकलेला नाही. उलट कोणावरच टाकलेला नाही, शिक्षकावरसुद्धा नाही. प्रभारी शिक्षकाची जागा तिथे अगदी मोजून दिलेली आहे : तो मुलांच्या वतीने सही करत नाही आणि मुले त्याला वगळून पुढे जात नाहीत. आपल्याकडे गॅदरिंगची वर्गणी गोळा होते, सहलीचे पैसे गोळा होतात, कोणातरी फौंडेशनसाठी कूपने विकायला मुलांच्या हातात देतात, आणि यातल्या एका रुपयाचाही जमाखर्च ज्या मुलांनी घरोघर हिंडून तो आणला त्यांना कोणी वाचून दाखवत नाही. पैसे गोळा करणे ही सेवा, हिशेब विचारणे म्हणजे उद्धटपणा!

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर मी रद्दीपासून म्हणेन. दर वर्षी शाळेतून जुन्या उत्तरपत्रिका आणि वर्तमानपत्रांची रद्दी निघते आणि तिचे चार पैसे येतात. ते मंडळाच्या नावे जमा करावेत. एक किर्द, एक पावतीपुस्तक, एक कुलूपबंद पेटी. खर्चाच्या चिठ्ठीवर अर्थमंत्री, प्रभारी शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परिपाठात जमाखर्च मोठ्याने वाचायचा. रक्कम इतकी लहान असते की घोटाळा झाला तरी कोणाचे घर बुडत नाही, आणि नेमका म्हणूनच तो शाळेत व्हायला हरकत नाही. अकरा रुपयांचा हिशेब लागेना म्हणून नववीतला अर्थमंत्री मधल्या सुट्टीत डबा न खाता किर्द घेऊन बसलेला मी पाहिला आहे. शेवटी सापडले : खडूच्या खोक्याची पावती दोनदा लावली होती. त्या दिवशी त्या मुलाला जे समजले ते नफा-तोट्याच्या पन्नास उदाहरणांनी समजले नसते, आणि चूक परिपाठात सगळ्यांसमोर सांगायची की गुपचूप दुरुस्त करायची हा पेच तर कुठल्याच उदाहरणात नसतो.

आता प्रतिपक्षाच्या बाजूने बोलणारा एक पुरावा मीच पुढे ठेवतो, कारण तो त्यांना सापडला तर ते तो माझ्याविरुद्ध वापरतील. १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर शांतिनिकेतनात काही दिवस राहिले. स्वयंपाकी ठेवण्यापेक्षा मुलांनी आणि शिक्षकांनीच सगळे करावे, असे त्यांनी सुचवले. रवींद्रनाथांनी संमती दिली. यात स्वराज्याची किल्ली आहे असे त्यांनी मुलांना सांगितल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. १० मार्चला प्रयोग सुरू झाला. सव्वाशे मुले. कोणी भाजी चिरायची, कोणी धान्य निवडायचे, कोणी मोठमोठी भांडी घासायची. भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही मुले तिथे सतार वाजवत बसत. तिथले शिक्षक पिअर्सन यांनी तर त्यात स्वतःला झोकून दिले. आणि काही काळाने प्रयोग बंद पडला.

घ्या, म्हणजे मुलांना झेपत नाही! पण गांधीजींची ती दोन पाने नीट वाचली तर दिसते की तिथे रोज चर्चा होत असत. कोणी लवकर थकले, कोणाला पटेना, कोणी वाद घातला. मला तो प्रयोग यशस्वी वाटतो तो भांड्यांमुळे नाही. या रोजच्या चर्चांमुळे. स्वतः गांधीजींनीही त्या अल्प काळाच्या प्रयोगाने संस्थेचे काही नुकसान झाले असे मानले नाही. पुढे शांतिनिकेतनात दर १० मार्चला ‘गांधी पुण्याह’ पाळण्याची प्रथा पडली. त्या दिवशी सेवकांना सुट्टी आणि झाडलोट, स्वयंपाक विद्यार्थी-शिक्षकांकडे. वर्षातून एक दिवस सेवा टिकली. रोजचा वाद टिकला नाही, आणि स्वराज्याची किल्ली असलीच तर ती त्या वादात होती. आमच्या शाळांतले श्रमदान सप्ताह याच वळणाने गेले आहेत : सण राहिला, सभा गेली.

जिथे सभा राहिली तिथे काय घडते याचे उदाहरणही आपल्याच अंगणात आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने गांधीजींच्या नई तालीमची जी शाळा उभी केली, तिथे मुलांची आमसभा भरे, आणि स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशी खाती मुलांतल्याच निवडलेल्या मंत्र्यांकडे असत. ही खाती नावापुरती नव्हती. अन्नमंत्र्याने धान्याचा अंदाज चुकवला तर सगळ्यांच्या ताटात ते दिसे आणि सभेत त्याला उत्तर द्यावे लागे. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या शाहू बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि अंगमेहनतीची कामे स्वतः करत. भाऊरावांचे ‘कमवा आणि शिका’ म्हटले की आपल्याला त्यातले श्रम आठवतात. सगळ्या जातींच्या मुलांनी एकाच चुलीवरचे खायचे हा त्या श्रमांमागचा निर्णय होता, आणि तो त्या काळात पुरेपूर राजकीय होता.

‘मुले अजाण असतात’ या आक्षेपाला सर्वांत धीट उत्तर वॉर्साच्या यानुश कोर्चाक यांनी दिले. १९१२ पासून ते तिथले ज्यू मुलांचे अनाथालय चालवत. घरातली कामे मुलांना पाळीने वाटलेली असत, आणि मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. त्याची संहिता कोर्चाकांनी लिहिली, आणि तिच्यातली बहुतेक कलमे शिक्षेची नसून क्षमेची आहेत. त्या न्यायालयात शिक्षकावरही फिर्याद करता येत असे. स्वतः कोर्चाक आरोपी म्हणून उभे राहिले आहेत. आपल्या किती शाळांत एखाद्या सरांवर वर्गात उशिरा आल्याबद्दल मुले नम्रपणे, लेखी, तक्रार करू शकतील? मुले अजाण आहेत म्हणून आपण त्यांना अधिकार देत नाही, असे आपण म्हणतो खरे. ती जाणती आहेत आणि सगळे पाहत असतात, ही धास्तीही त्यात बरीच मिसळलेली असते.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांना सेवा नकोच आहे. मुलांना झाडायला लावणे म्हणजे शोषण, मंडळाने फक्त हक्कांसाठी बोलावे, असे ते म्हणतात. १८९७ मध्ये न्यूयॉर्कला विल्सन गिल यांनी ‘स्कूल सिटी’ काढली. मुलांतलाच नगराध्यक्ष, मुलांतलेच नगरसेवक, मुलांतलेच पोलीस. मोठ्यांच्या शासनाची हुबेहूब छोटी आवृत्ती. आपले शालेय मंत्रिमंडळ त्याच जातीचे आहे. काम नसलेल्या अधिकाराचे शेवटी बिल्ले होतात, आणि बिल्ला लावलेला शिस्तमंत्री दुसऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्यापलीकडे काही करू शकत नाही. ज्याने पाण्याची टाकी स्वतः धुतली आहे त्यानेच टाकीबद्दल बोलावे, या जुन्या अटीत तथ्य आहे. फक्त तो बोलला की ऐकायचे, ही अट मोठ्यांवर आहे.

राहता राहिला शिक्षकाचा वेळ. मतदार यादी, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, वर अचानक आलेले ‘आजच पाठवा’चे व्हॉट्सॲप आदेश, या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाला आणखी एक प्रभार म्हणजे शिक्षाच वाटते. ही तक्रार खरी आहे. पण ती मंडळाविरुद्धचा युक्तिवाद होऊ शकत नाही. ती मंडळाला वेळापत्रकात जागा देण्याच्या बाजूची आहे. आठवड्याचा एक तास, कार्यानुभवाच्या खात्यातून, अधिकृत. आणि निम्मा वेळ तर आपणच आपल्यावर लादून घेतो. प्रभारी शिक्षकाचे निम्मे श्रम मुलांच्या आधी बोलण्यात जातात. सभेत मुलगी ‘सायकल स्टँडवर छप्पर...’ एवढे म्हणते न म्हणते तोच “त्याला निधी लागतो बाळा, पुढचा विषय घ्या” असे सर म्हणतात. त्याऐवजी गप्प बसावे. छपराला किती पत्रे लागतील, मोजमाप कोण घेईल, दुकानदाराकडे कोण जाईल, हे ठरवायला मुलांना पंचवीस मिनिटे लागतील आणि त्यातली वीस वाया गेल्यासारखी वाटतील. लागू द्यावीत. इतिवृत्त मुलांनी लिहावे, अशुद्ध का असेना. दहावीची मुले दर वर्षी निघून जातात, तेव्हा मंडळाची आठवण म्हणून मागे उरते ती ही वहीच.

एवढा एक नियम मात्र शिक्षकाने भांडून मिळवावा : मंडळाच्या लेखी मागणीला मुख्याध्यापकांचे लेखी उत्तर, पंधरा दिवसांच्या आत. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल, कारणासह असावे. ‘निधी नाही’ हे कारण असेल तर तेही कागदावर यावे. त्या दोन कड्यांना नकार देणाऱ्याला तो लिहून द्यावा लागला असता तर त्याने बहुधा कड्या बसवल्या असत्या. नकार लिहिणे हे कड्या बसवण्याहून महाग पडते.

यावर संस्थाचालकांचा शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो चहाच्या कपावर हसत हसत सांगितला जातो : “सर, आज ही पोरं कडी मागतील, उद्या संस्थेचा हिशेब मागतील!” मागतील. त्यात बिघडले काय? संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तिचे लेखापरीक्षण झालेले हिशेब दर वर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावेच लागतात. जो कागद साहेबांपुढे ठेवता येतो तो नववी ‘ब’च्या अर्थमंत्र्यापुढे ठेवायला अडचण कसली, हे एकदा त्या चालकांनीच लिहून द्यावे. पंधरा दिवसांच्या आत.